ब्रह्मकमळाला भाग्य लागत नाही

आमच्या परभणीत पावसाळ्यात दोन बातम्या हमखास येतात. एक, पाऊस कमी पडल्याची. दुसरी, कुणाच्या तरी घरी ब्रह्मकमळ फुलल्याची. पहिली वाचून लोक सुस्कारा टाकतात, दुसरी वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडतात. या दुसऱ्या बातमीचा साचा ठरलेला आहे. अमुक नगरातल्या तमुक यांच्या घरी एकाच रात्री अकरा, एकवीस किंवा एकावन्न फुलं उमलली, शेजारच्या महिलांनी आरती केली, पाहायला गर्दी झाली. आणि शेवटचं वाक्य: हे फूल भाग्यवंतांच्याच घरी फुलतं.

माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. फुलाशी नाही. आरतीशी तर नाहीच नाही. रात्री साडेदहाला गल्लीतल्या बायका एकत्र येतात, कुणी चहा ठेवतं, लहान पोरं झोपायचं नाव काढत नाहीत, आणि सगळे मिळून एका फुलाकडे बघत बसतात. आजच्या काळात यापेक्षा बरं काय असणार? पण 'भाग्यवंतांच्याच घरी' या शब्दांना दुसरी बाजू आहे. ज्यांच्या घरी फुललं नाही त्यांचं काय? त्यांची बातमी येत नाही, पण गल्लीत चर्चा होते.

हे मला माहीत आहे, कारण माझ्या मोठ्या काकूच्या घरी ते बारा वर्षं फुललं नव्हतं.

२००९ मध्ये शेजारच्या मावशींनी तिला त्यांच्या झाडाचं एक पान खुडून दिलं. पान म्हणजे आपण ज्याला पान म्हणतो ते, त्याबद्दल पुढे सांगतो. मावशींचं झाड दरवर्षी फुलायचं. काकूचं वाढायचं, लोंबायचं, नुसतं हिरवं राहायचं. दर श्रावणात कुणीतरी विचारायचंच, "तुझ्याकडं कसं काय फुलंना गं?" विचारणारीच्या मनात वाईट नसायचं. पण काकूला मूलबाळ नाही. भाग्यवंतांच्या घरी फुलतं हे एक वाक्य, आणि तुझ्याकडं फुलंना हे दुसरं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की तिसरं कुणी बोलायची गरज उरत नाही. पुढे पुढे मावशींकडे फूल उमललं की काकूचं डोकं दुखायला लागायचं. ती दार लावून लवकर झोपायची.

आता माझा गुन्हा सांगतो. २०१६ साली मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नवीन फोन होता, हातात इंटरनेट होतं, आणि जगातली प्रत्येक चूक दुरुस्त करायची जबाबदारी आपल्यावर आहे असं वाटायचं वय होतं. सुट्टीत घरी आल्यावर मी काकूला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, की तू जे देवघराशेजारी ठेवलंयस ते ब्रह्मकमळ नाहीच. खरं ब्रह्मकमळ हिमालयात होतं. हा मेक्सिकोचा कॅक्टस आहे.

काकू म्हणाली, "म्हणजे नाही फुललं ते बी खोटंच का रे मग?"

मला तेव्हा हा विनोद वाटला होता.

माझी माहिती बरोबर होती, हे मान्य करूनच पुढे जाऊ. हिमालयातलं ब्रह्मकमळ हे उत्तराखंडचं राज्यपुष्प. शास्त्रीय नाव सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा, कूळ सूर्यफुलाचं. ते साधारण साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर, थंडीत, दगडधोंड्यांत वाढतं. त्याची खरी फुलं लहान आणि जांभळट असतात, आणि त्यांच्याभोवती कागदासारखी फिकट हिरवी-पिवळी आवरणं असतात. केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते हे. परभणीचा मे महिना त्याला एक दिवससुद्धा झेपणार नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गच्चीवर, कुठल्याही गॅलरीत ते फुललेलं नसतं. आपल्याकडे फुलतं ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळ गाव दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका, कूळ कॅक्टसचं. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८२८-२९ मध्ये त्याचं नामकरण केलं. 'चौदा वर्षांतून एकदाच फुलतं' ही गोष्टही या झाडाला लागू नाही. नीट असलं तर ते एका वर्षात दोन-तीनदासुद्धा फुलतं.

पण परकं आहे म्हणून खोटं, हा माझा निष्कर्ष मूर्खपणाचा होता. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोचा. गजऱ्यातला आणि हारातला निशिगंध मेक्सिकोचा. ज्या ठेच्याशिवाय आमच्या मराठवाड्यात भाकरी गिळत नाही, त्यातली मिरची अमेरिका खंडातली. यांतल्या कुणाकडे आपण रहिवासी दाखला मागत नाही. केरळात याच एपिफायलमला निशागंधी म्हणतात. जपानीत त्याला 'चांदण्यातली सुंदरी' अशा अर्थाचं नाव आहे. जिथे गेलं तिथल्या लोकांनी त्याला आपल्या जिभेवरचं नाव दिलं. आपण ब्रह्मकमळ म्हटलं, म्हणू द्या. अडचण नावाची नाही. आपण नाव बघतो आणि झाड बघायचं विसरतो, ही खरी अडचण आहे.

काकूच्या घरी नेमकं तेच घडलं. ब्रह्मकमळ म्हटल्यावर कुंडी आपोआप देवघराच्या कोपऱ्यात गेली. तिथे खिडकी नव्हती. पूजेचं पाणी रोज कुंडीत पडायचं. माती होती आमची काळी, कापसाची, पाणी धरून ठेवणारी. थोडक्यात, अंधार आणि चिखल. सात वर्षं.

मग मी येऊन 'कॅक्टस' हा शब्द उच्चारला, आणि दुसरा अंक सुरू झाला. काकांच्या फोनवर वास्तूचे फॉरवर्ड यायचे, घरात कॅक्टस ठेवू नका, नकारात्मक ऊर्जा येते, भांडणं होतात, पैसा टिकत नाही. कुंडी त्याच दिवशी घराबाहेर निघाली. कुठे ठेवायची? मी हुशारी केली. म्हणालो, कॅक्टस वाळवंटातला, त्याला ऊन लागतं, पाणी लागत नाही, गच्चीवर ठेवा. परभणीच्या गच्चीवर, मे महिन्यात, जिथे दुपारी दोनला अनवाणी पाय टेकवत नाही. पंधरा दिवसांत झाड पिवळं पडलं, मग करपलं. जगलेले दोन तुकडे काकूने गुपचूप न्हाणीघराच्या बोळात एका फुटक्या कुंडीत खोचले.

बघा, किती गंमत आहे. एकाच फोनवर एक फॉरवर्ड सांगतो, ब्रह्मकमळ घरात असेल तर लक्ष्मी येते. दुसरा सांगतो, कॅक्टस घरात असेल तर लक्ष्मी जाते. दोन्ही एकाच झाडाबद्दल. ज्यांनी ते पुढे पाठवले त्यांच्यापैकी कुणालाही हे कळलेलं नाही. लक्ष्मीने नेमकं काय करावं? दारात उभं राहून व्हॉट्सअ‍ॅप अपडेट व्हायची वाट बघावी?

आणि माझ्यासारखे 'शास्त्रीय' लोक वेगळे नव्हते. मीसुद्धा नावच वाचलं. कॅक्टस म्हणजे वाळवंट, हे समीकरण मी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून धरलं होतं. प्रत्यक्षात कॅक्टसच्या कुळातल्या बऱ्याच जाती वाळवंटात नाही, दमट जंगलात झाडांवर राहतात. फांदीच्या बेचक्यात पालापाचोळा साचतो, त्यात मूळ रुजवतात आणि खाली लोंबतात. बांडगुळासारखं झाडाचं रक्त पीत नाहीत, फक्त जागा वापरतात. भाडेकरूच, पण भिंतीला खिळा न ठोकणारे. एपिफायलम त्यातलंच. रिप्सालिसही त्यातलंच. दोऱ्यांच्या जुडग्यासारखं लोंबणारं हे झाड आता शहरांतल्या नर्सऱ्यांत दिसतं. साऱ्या कॅक्टस-कुळात हीच एक वेगळी नोंद आहे: अमेरिकेबाहेर निसर्गतः आढळणारा एकमेव कॅक्टस म्हणजे रिप्सालिस बॅसिफेरा, आणि तो आफ्रिकेपासून श्रीलंकेपर्यंत पोचलेला आहे.

आता पानाचं सांगतो. आपण ज्याला ब्रह्मकमळाचं पान म्हणतो ते पान नाहीच, ते खोड आहे. चपटं, हिरवं, पानाचं काम करणारं खोड. 'पानातून फूल येतं' हा चमत्कार लोक बोट दाखवून सांगतात, पण त्या चपट्या खोडाच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक डोळा असतो. उसाचं बेणं ज्यानं लावलंय त्याला हे समजवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कांड्यावर डोळा असतो, डोळ्यातून फूट येते. तसंच हे. त्या डोळ्यातून कधी नवी फांदी निघते, कधी कळी. काय निघेल ते झाडाच्या वयावर, उजेडावर, मुळांच्या तब्येतीवर आणि ऋतूवर ठरतं. घरमालकाच्या पत्रिकेवर ठरत नाही.

इथे माझा सगळ्यात साधा मुद्दा येतो, आणि तो पटायला कुठलंही पुस्तक लागत नाही. मावशींनी काकूला बी दिलं नव्हतं, तुकडा दिला होता. तुकड्यापासून वाढलेलं झाड हे मूळ झाडाचं पोर नसतं, ते मूळ झाडच असतं. म्हणजे मावशींकडचं आणि काकूकडचं ही दोन झाडं नव्हतीच. एकच झाड, दोन कुंड्यांत. तीच पेशी, तेच वय, तोच गाव, तोच पाऊस. मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडे बारा वर्षं काही नाही, पलीकडे दरवर्षी बातमी. फरक कशाचा असेल? आमच्या धंद्यात एकच कोड एका सर्व्हरवर चालतं आणि दुसऱ्यावर चालत नाही, तेव्हा कुणी म्हणत नाही की हा सर्व्हर अभागी आहे. दोन्हीकडची सेटिंग शेजारी ठेवून बघतात.

ते बघायची बुद्धी मला २०२० मध्ये झाली, तीही कामाला कंटाळून. लॉकडाउनमध्ये पुण्याहून घरी आलो होतो. काकूच्या पूर्वेकडच्या गॅलरीत टेबल टाकून काम करायचो. कॉल चालू असताना समोर मावशींचं अंगण दिसायचं. कडुलिंबाखाली, एका कान तुटलेल्या बादलीत त्यांचं झाड. सकाळी दोन-अडीच तास कोवळं ऊन, मग दिवसभर लिंबाची विरळ सावली. बादलीत माती कमी आणि लिंबाचा सडका पालाच जास्त. तळाला भोक. मावशी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. अंगणात सडा टाकताना उरलेलं पाणी ओतायच्या, कधी विसरायच्या. त्यांनी काही पुण्य केलं असेल तर ते म्हणजे झाडाला त्याच्या जंगलासारखी जागा, नकळत, दिली होती.

मी बोळातली कुंडी काढली. काळी माती जवळजवळ सगळी टाकून दिली. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटेचे खडे, जुनं शेणखत, वाळका पाला आणि थोडीशी माती असं भरलं. काकूने माळ्यावरून जुनं शिंकाळं काढून दिलं. कुंडी त्यात बसवून पूर्वेच्या गॅलरीत टांगली. वरचा थर सुकला की पाणी, नाहीतर नाही. उन्हाळ्यात हिरवी जाळी. रात्री कूलर लागला की त्याच्या ओलसर हवेच्या जवळ. थंडीत, आमच्याकडे पारा फार खाली उतरतो तेव्हा, आत. बस, एवढंच. एवढं करून एक वर्ष काहीच झालं नाही, हेही सांगायला पाहिजे. झाडाला वेळ लागतो.

२०२१ च्या जुलैत खाचेत एक लालसर टिकली दिसली. मला वाटलं नवी फांदी. आठवड्याने तिला देठ आला. मग दुसरी, तिसरी. काकू काही बोलत नव्हती, पण रोज सकाळी चहाच्या आधी गॅलरीत जायची. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी खाली लोंबणाऱ्या कळीने मान उचललेली दिसली. आठ-साडेआठला टोक सुटलं. अकरापर्यंत तळहाताहून मोठं पांढरं फूल उघडलं आणि वासाने गॅलरी भरली. तो वास आपल्यासाठी नसतो. त्याच्या मूळ गावी रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असतो. अंधारात दिसावं म्हणून पांढरं, लांबून सापडावं म्हणून वास, आणि सोंड लांब असणाऱ्यालाच मध मिळावा म्हणून वीतभर नळी. पहाटेपर्यंत कामच संपतं, म्हणून मिटतं. मेक्सिकोतल्या त्या पतंगाची वाट हे फूल परभणीतल्या गॅलरीत बघतं, हे कळल्यावर मला ते जास्त आवडायला लागलं, कमी नाही.

काकूने सगळ्यांना बोलावलं होतं. एक आजी म्हणाल्या, "आलं बघ, शेवटी आलं भाग्य तुझ्या घरी."

काकू म्हणाली, "भाग्य नाही आलं. पोरानं कुंडी हलवली."

बायका हसल्या. काकू हसली नाही. थोड्या वेळाने तिने आरती केली, नेहमीसारखी, मन लावून.

आता कुणी म्हणेल, एका फुलाचं एवढं काय घेऊन बसलास. लोकांना आनंद मिळतो, मिळू दे. ही निरुपद्रवी श्रद्धा आहे. मी विचारतो, निरुपद्रवी कुणासाठी? ज्याच्याकडे फुललं त्याच्यासाठी निरुपद्रवीच असते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो नरबळीला, अघोरी प्रकारांना पकडतो, आणि पकडलंच पाहिजे. पण 'तुझ्याकडं कसं फुलंना गं' या वाक्यावर कुठलं कलम लागणार? ही टोचणी इतकी बारीक असते की टोचणाऱ्यालाही कळत नाही. ती थांबवायला पोलीस नको, फक्त वाक्य पूर्ण करायची सवय पाहिजे. 'फुललं नाही' याच्यापुढे 'उजेड कुठून येतो?' असं विचारायची सवय.

आणि भाग्यच मोजायचं असेल तर सांगली जिल्ह्यात जतकडे किंवा सोलापुरात सांगोल्याकडे रात्री जाऊन या. तिथे सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूट चढवलेलं असतं. तोही लोंबणारा, वर चढणारा कॅक्टस, ब्रह्मकमळाचा जवळचा भाऊबंद. तसंच मोठं पांढरं फूल, तसंच रात्री उघडणारं, सकाळी मिटणारं. बहराच्या रात्री एकेका शेतात शेकड्यांनी फुलतात. तिथे शेतकरी फुलं मोजतो, ती फळांच्या हिशेबासाठी. व्हिएतनाममधले शेतकरी बिगरहंगामी बहर धरायला रात्री बागेत दिवे लावतात, कारण या झाडाला फुलायला दिवस मोठा लागतो, आणि ते त्यांनी ओळखलंय. उलट, ब्राझीलच्या डोंगरातला नाताळ-कॅक्टस घ्या. त्याला कळ्या यायला सलग लांब अंधाऱ्या रात्री लागतात. हॉलमध्ये रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल तर तो फुलत नाही. त्या घरालाही अभागी म्हणायचं, की ट्यूबलाइट बंद करायची? २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारने ड्रॅगन फ्रूटचं नाव 'कमलम' ठेवायचं ठरवलं. नाव बदलून एकही फूल जास्त आलं नसेल. पाणी, खत आणि उजेड बदलला तर येतं.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आमच्याकडचा कुठलाही शेतकरी कपाशीचं बोंड फोडून आत अळी आहे का बघतो. ज्या घरात हे बघितलं जातं, त्याच घराच्या ओसरीवर एक कुंडी फुलली नाही की कारण शोधायचं सोडून घरातल्या बाईकडे का बघितलं जातं, हे मला समजत नाही. म्हणजे समजतं, पण लिहायला लाज वाटते.

या गैरसमजावर पोट भरणारेही आहेत. ऑनलाइन बाजारात निळ्या ब्रह्मकमळाच्या बिया विकायला दिसतात, फोटोत फूल विजेसारखं निळं. कॅक्टसच्या कुळात फुलांना रंग देणारी द्रव्यं बीटमध्ये असतात त्या जातीची. त्यांतून पिवळा, लाल, गुलाबी, जांभळट रंग येतो. निळा येत नाही. त्या बियांतून काय उगवेल ते देव जाणे, ब्रह्मकमळ उगवणार नाही. आणि बियांची गरजच काय? हे झाड गल्लीत फुकट मिळतं. पानाचा, म्हणजे खोडाचा, वीतभर तुकडा घ्या, कापलेली बाजू चार दिवस सावलीत वाळू द्या, भुसभुशीत मिश्रणात दोन बोटं खोचा. पहिलं फूल यायला साधारण तीन-चार वर्षं धरून चाला. तेवढ्या काळात तुम्ही दोन फोन बदलाल.

काकूकडे आता पावसाळ्यात मागणाऱ्यांची रांग असते. ती तुकडा देते आणि सोबत सूचना देते: उगवतीकडं ठेव, काळी माती घालू नको, देवघरात तर मुळीच नको, देव तिथं आहेच की. मागच्या वर्षी गल्लीत नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीने तिला विचारलं, "काकू, नाहीच फुललं तर?"

"तर मला बोलव," काकू म्हणाली, "आपण दोघी मिळून कुंडी हलवू."